दुधाच्या दाढेची जागा



स्कॉटलंडमधल्या फाइफ भागात विल्यम क्लार्क नावाचे ऑर्थोडॉन्टिस्ट काम करत. 1977 साली त्यांच्याकडे एका सहकारी दंतवैद्याचा लहान मुलगा आला. खेळताना पडून त्याचा वरचा पटाशीचा दात मुळासकट निखळला होता. काही तासांत तो पुन्हा खोबणीत बसवला गेला आणि शेजारच्या दातांना बांधून ठेवला गेला. सहा महिने उलटले तरी दात हलतच होता, आणि एक्सरेत त्याचं मूळ झिजताना दिसत होतं. मुलाचे वरचे दात खालच्या दातांच्या 9 मिलिमीटर पुढे होते. तोंड मिटलं की खालचा ओठ त्या फटीत जाऊन अडकायचा आणि जखमी दाताला दर वेळी आतून बाहेर रेटायचा. दात वाचवायचा तर ओठ तिथून हलवणं भाग होतं, आणि त्यासाठी खालचा जबडा पुढे यायला हवा होता. क्लार्क यांनी वरच्या आणि खालच्या दातांसाठी दोन सुट्या प्लेट केल्या आणि त्यांवर तिरप्या उताराचे ठोकळे बसवले. तोंड मिटताना खालचा ठोकळा वरच्या ठोकळ्याच्या उतारावरून घसरत पुढे बसे आणि जबड्यालाही पुढे नेई. जेवतानासुद्धा घालता येईल असं ते उपकरण होतं. नऊ महिन्यांत 9 मिलिमीटरचं अंतर 4 वर आलं. आज जगभर वापरलं जाणारं ‘ट्विन ब्लॉक’ हे उपकरण असं जन्माला आलं.

हा मुलगा कोणत्या विभागाचा रुग्ण? पडून निखळलेला दात म्हणजे बालदंतवैद्यक, अर्थात पेडो; पुढे आलेले दात म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स, अर्थात ऑर्थो. आपल्याकडच्या डेंटल कॉलेजांत या दोन विभागांच्या ओपीडी वेगळ्या, पोस्टिंग वेगळं, जर्नल वेगळं, परीक्षेचा पेपरही वेगळा. शिकवण्याच्या सोयीसाठी ही वाटणी ठीक आहे. तपासताना मात्र ती डोक्यात ठेवली तर नुकसान मुलाचं होतं. बालदंतवैद्यक आणि ऑर्थोडॉन्टिक्स या दोन्हींचा खरा विषय एकच आहे, आणि तो म्हणजे वाढ. सहा ते बारा या वयात मुलाच्या तोंडात काय उगवतं, काय पडतं आणि कोणती जागा कोणासाठी राखलेली असते, हे ज्याला नीट वाचता येतं तोच दोन्हीकडे चांगलं काम करतो. आजच्या व्याख्यानाचं म्हणणं एवढंच आहे.

या वाचनाची सुरुवात आकड्यांपासून करावी लागते. दुधाचे दात वीस. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दोन दात दिसू लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही पूर्ण होतात. सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाचा एकही दात न पडता, सगळ्यात मागे एक मोठी दाढ उगवते. ती कायमची दाढ आहे, हे बहुतेक घरांत कोणाच्या लक्षातच येत नाही. काहीच पडलं नाही, दुखलं नाही, म्हणून आई-वडील तिला दुधाचीच समजतात. या दाढेवर खनिज चढायला बाळ जन्मतं त्या सुमारासच सुरुवात झालेली असते. ती उगवते तेव्हा तिच्या खाचा खोल असतात, कवच अजून कोवळं असतं, आणि हिरडीचा पदर मागच्या भागावर असताना मुलाचा ब्रश तिथवर पोहोचत नाही. आयुष्यभर चावण्याचं काम करणारी ही दाढ म्हणूनच सगळ्यात लवकर किडते.

आता तिच्या पुढे उभ्या असलेल्या दुधाच्या दुसऱ्या दाढेकडे पाहू. सहा वर्षांची दाढ हिच्याच पाठीला टेकून वर येते. हिच्या मुळांच्या मधे खाली कायमची उपदाढ तयार होत असते आणि ती बाहेर पडते दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान. म्हणजे सातव्या वर्षी किडून काढलेल्या दुधाच्या दाढेची जागा पुढची तीन ते पाच वर्षं रिकामी राहणार. मागची मोठी दाढ तोवर थांबत नाही. ती पुढे सरकते, झुकते आणि ती जागा बळकावते. उपदाढ येते तेव्हा तिला उगवायला वाट उरत नाही. मग ती हाडातच अडकते, नाही तर टाळूच्या किंवा जिभेच्या बाजूने वाकडी उगवते. तेराव्या वर्षी तेच मूल ‘दात वेडेवाकडे आहेत, तारा लावायच्या’ म्हणून ऑर्थोच्या ओपीडीत येतं. तिथल्या केस पेपरवर निदान लिहिलं जातं ते दाटीचं. सहा वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेची नोंद दुसऱ्याच विभागाच्या कागदावर राहिलेली असते.

निसर्गाने इथे थोडी जागा शिल्लकही ठेवलेली आहे. दुधाचा सुळा आणि दोन दाढा मिळून जेवढी रुंदी भरते, तेवढी त्यांच्या जागी येणारा कायमचा सुळा आणि दोन उपदाढा मिळून भरत नाही. खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी 1.7 मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात 0.9 मिलिमीटर जागा उरते. विद्यार्थी हिला ‘लीवे स्पेस’ म्हणून पाठ करतात. खालच्या दोन्ही बाजू मिळून ही जागा जवळजवळ साडेतीन मिलिमीटर होते. पुढच्या दातांतली मध्यम दाटी सुटायला कित्येकदा एवढी पुरते. अट एकच, दुधाच्या दाढा त्यांच्या ठरलेल्या वेळेपर्यंत तोंडात टिकल्या पाहिजेत.

दुधाची दाढ कुजून गळू झालं तर आणखी एक धोका असतो. मुळांच्या मधे वाढणाऱ्या उपदाढेपर्यंत तो पू पोहोचला की तिचं कवच कच्चं आणि पिवळट-तपकिरी तयार होतं. पाठ्यपुस्तकांत याला ‘टर्नर टूथ’ म्हणतात. अशी डागाळलेली उपदाढ तोंडात एकटीच दिसली, तर तिच्या आधीच्या दुधाच्या दाढेचं काय झालं होतं हे आईला विचारावं. बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

दुधाच्या दाढा वेळेआधी जातात त्या किडीमुळे. आपल्या देशात डेंटल कौन्सिलने 2002-03 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांना कीड आढळली होती. फार लहान वयातली कीड ओळखायला एक साधी खूण आहे. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे चार पटाशीचे दात हिरडीलगत आधी पांढुरके होतात, मग तपकिरी होतात आणि शेवटी खुंट उरतात. खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ असतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर पसरते आणि तिथली लाळही सतत वाहत असते. विद्यार्थ्याने हे दृश्य एकदा नीट पाहिलं की बाटलीबद्दल आणखी चौकशी करावी लागत नाही, आणि आईला दोष न देता तो उपाय सांगू शकतो. बाटलीत साखर नको, झोपण्याआधी दूध संपवायचं आणि दात पुसून मगच झोपवायचं. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरे.

फ्लोराइडचा सल्ला देताना महाराष्ट्रात गाव विचारणं आवश्यक आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतलं जातं. कायमच्या पुढच्या दातांचं कवच पहिल्या चार-पाच वर्षांत घडतं, त्यामुळे त्या वयात प्यायलेलं पाणी पुढे सातव्या-आठव्या वर्षी दातांवर पांढऱ्या-तपकिरी पट्ट्यांच्या रूपाने उमटतं. हेच डाग फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याने 1901 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी पाहिले होते. त्यांचं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे सिद्ध व्हायला तीस वर्षं लागली. त्याच शोधातून दुसरी गोष्टही हाती आली: लिटरमागे सुमारे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर डाग जवळजवळ पडत नाहीत आणि कीड मात्र घटते. 25 जानेवारी 1945 पासून मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांतली कीड साठ टक्क्यांहून अधिक कमी झाली.

कीड लागल्यावर काय करायचं, याची उत्तरं गेल्या पन्नास-साठ वर्षांत पार बदलली आहेत. जुन्या पिढीच्या आठवणीत दातांचा दवाखाना म्हणजे ड्रिलचा आवाज, चांदी भरणं, आणि फारच झालं तर दाढ काढणं. स्कॉटलंडमध्येच नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी सर्वसामान्य दवाखान्यात एक वेगळी रीत वापरायला सुरुवात केली. इंजेक्शन द्यायचं नाही, कीड कोरायची नाही. दुधाच्या दाढेवर तयार स्टीलची कॅप ग्लास आयोनोमर सिमेंटने बसवायची आणि मुलाला ‘चाव’ म्हणायचं. बंदिस्त झालेल्या किडीच्या जंतूंना बाहेरून साखर मिळत नाही आणि कीड थबकते. दंडी इथल्या निकोला इनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 132 मुलांवर याची रीतसर चाचणी घेतली. प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर हॉलची कॅप, दुसऱ्या दाढेवर नेहमीचं भरणं. दोन वर्षांनी पल्प दुखावणं, गळू होणं असं मोठं अपयश कॅपच्या दाढांत 2 टक्के होतं, भरलेल्या दाढांत 15 टक्के. अशी दाढ तिच्या वेळेपर्यंत टिकते आणि मागच्या दाढेला पुढे सरकू देत नाही.

या पद्धतीत ऑर्थोची एक वस्तू हमखास लागते. दोन दाढा घट्ट चिकटलेल्या असल्या की कॅप मधे जात नाही. मग तारा लावण्यापूर्वी ऑर्थोत वापरतात तीच छोटी रबरी रिंग, सेपरेटर, काही दिवस दोन दाढांच्या मधे अडकवून ठेवतात. उलट दिशेचं उदाहरण बँड अँड लूपचं. दुधाची दाढ काढावीच लागली तर शेजारच्या दाढेवर ऑर्थोचा स्टीलचा बँड बसवून त्याला तारेचा फास जोडतात, आणि तो फास मोकळी जागा राखून धरतो. एका विभागाचं साहित्य दुसऱ्या विभागाच्या उपचाराचा आधार बनतं.

दोन्ही विभाग ज्यावर उभे आहेत असा शोध लागला 1955 मध्ये. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात मायकल बुओनोकोर या संशोधकाने पाहिलं होतं, की उद्योगांत धातूवर रंग पक्का बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक अॅसिड लावतात. तेच अॅसिड त्यांनी तीस सेकंद दाताच्या कवचावर लावून पाहिलं. कवचाला सूक्ष्म खाचा पडल्या आणि त्यात अॅक्रिलिक घट्ट धरून राहिलं. 1967 मध्ये याच तत्त्वावर सहा वर्षांच्या दाढेच्या खोल खाचा बंद करणारं सीलंट आलं. त्याआधीच, 1965 मध्ये, न्यू जर्सीतल्या जॉर्ज न्यूमन यांनी ऑर्थोचे ब्रॅकेट दाताला थेट चिकटवून दाखवले होते. तोवर प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी चढवावी लागे. आज विद्यार्थी पेडोमध्ये खाच बंद करतो आणि ऑर्थोमध्ये ब्रॅकेट चिकटवतो, तेव्हा दोन्हीकडे पहिली पायरी तीच असते: कवच कोरडं करायचं, अॅसिड लावायचं, धुवायचं, पुन्हा सुकवायचं आणि खडूसारखी पांढुरकी छटा आल्याशिवाय पुढे जायचं नाही. लाळ लागली तर दोन्ही ठिकाणी काम सुटतं.

ऑर्थोडॉन्टिक्सच्या इतिहासाचा मोठा भाग तर जागेवरच्या वादाचाच आहे. एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये दातांच्या चुकीच्या जुळणीचं वर्गीकरण मांडलं. वर्ग एक, दोन, तीन ही आजही केस पेपरवर लिहिली जाणारी भाषा त्यांचीच, आणि तिचा आधार पुन्हा सहा वर्षांची दाढ. ती वरच्या-खालच्या जबड्यात एकमेकींवर कशी बसते यावरून वर्ग ठरतो. निसर्गाने दिलेले सगळे दात तोंडात बसवता आलेच पाहिजेत आणि त्यासाठी जबडा रुंदावला पाहिजे, असा अँगल यांचा ठाम आग्रह होता. काही रुग्णांत दात काढावेच लागतात, असं त्यांचे विरोधक कॅल्विन केस म्हणत. 1911 मध्ये दोन्ही पक्षांत मोठा वाद झाला आणि अमेरिकेत काही दशकं अँगल यांचीच बाजू वरचढ राहिली.

ती मोडली अँगल यांच्याच शिष्याने. अॅरिझोनातल्या टक्सनमध्ये व्यवसाय करणाऱ्या चार्ल्स ट्वीड यांनी गुरूंच्या पद्धतीने, एकही दात न काढता उपचार केलेले रुग्ण पुन्हा तपासले. कित्येकांचे दात परत वाकडे झाले होते, कित्येकांचे ओठ आणि दात पुढे आले होते. ट्वीड यांनी अशा शंभर रुग्णांवर पुन्हा उपचार केले. या वेळी चार उपदाढा काढून, आणि दुसऱ्यांदा फी न घेता. आधीचे आणि नंतरचे साचे त्यांनी शेजारी शेजारी मांडून सहकाऱ्यांना दाखवले. ऑर्थोत काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे उदाहरण सांगितलं पाहिजे. दात काढायचा की राखायचा याचा निर्णय श्रद्धेने करायचा नसतो. तो मोजमापाने, साच्यावर आणि एक्सरेवर करायचा असतो, आणि निकाल पाच-दहा वर्षांनी पुन्हा तपासायचा असतो.

दुसरा मोठा प्रश्न वेळेचा. वरचे दात पुढे आलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलावर लगेच उपचार सुरू करावेत की वयात येण्याच्या वाढीपर्यंत थांबावं? अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये यावर यादृच्छिक चाचण्या झाल्या, आणि कोक्रेन संस्थेच्या आढाव्यांनी त्या एकत्र तपासल्या. दोन टप्प्यांत लवकर सुरू केलेल्या उपचाराचा शेवटचा परिणाम किशोरवयात एकाच टप्प्यात केलेल्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. एक फायदा मात्र ठळक दिसला. लवकर उपचार झालेल्या मुलांचे पुढचे दात पडून मोडण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून उत्तर मुलावर अवलंबून आहे. दात 9 मिलिमीटर पुढे असलेलं, मैदानात सतत पडणारं मूल आणि किंचित पुढे दात असलेलं शांत मूल यांना एकच सल्ला देऊ नये.

काही गोष्टींत थांबून चालत नाही. वरचा एखादा पुढचा दात खालच्या दातांच्या मागे अडकला असेल, किंवा चावताना जबडा एका बाजूला सरकत असेल, तर ते आठव्या वर्षीच सोडवावं. काही गोष्टींना हात लावायचा नसतो. सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान वरच्या पुढच्या दातांत मधोमध फट पडते आणि दात पंख्यासारखे बाहेर फाकतात. आई घाबरून तार मागते. वर हाडात दडलेला कायमचा सुळा शेजारच्या दाताचं मूळ दाबत असतो, म्हणून हे होतं. सुळा खाली उतरला की फट बहुधा आपोआप मिटते. ब्रॉडबेंट यांनी 1937 मध्ये याचं वर्णन केलं आणि याला ‘कुरूप बदकाची अवस्था’ असं नाव पडलं. इथे एक्सरे काढून सुळ्याची दिशा पाहणं आणि आईला समजावणं हाच उपचार.

मूल खुर्चीत बसलंच नाही तर हे सगळं ज्ञान व्यर्थ. 1959 मध्ये अॅडल्स्टन यांनी ‘सांगा, दाखवा, करा’ ही रीत मांडली आणि ती आजही तितकीच खरी आहे. चांगला पेडो विद्यार्थी एअरोटर थेट तोंडात नेत नाही. आधी सांगतो, ‘हा दाताला अंघोळ घालणारा शॉवर आहे.’ मग मुलाच्या नखावर पाण्याचा फवारा सोडून दाखवतो. मग तोंडात नेतो, आणि पाच आकडे मोजून थांबतो. थांबतो म्हटलं की थांबतोच. मूल हात वर करतं तेव्हा काम सोडलं नाही, तर पुढच्या भेटीला ते दारातूनच रडू लागतं. मुलाच्या वागणुकीची फ्रँकल यांची 1962 ची चार पायऱ्यांची मोजपट्टी प्रत्येक भेटीत केस पेपरवर भरली तर मूल कोणत्या भेटीला कुठून कुठे आलं हे दिसतं, आणि पुढे त्याच मुलाला ऑर्थोत पाठवताना ही नोंद कामी येते. ब्रॅकेट लावलेल्या मुलाला दीड-दोन वर्षं दर महिन्याला यायचं असतं. दवाखान्याची भीती बाळगून मोठं झालेलं मूल ते पुरं करत नाही.

तपासणीची व्यवस्था आपल्याकडे नाही असं म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर सुरू झाला तो महाराष्ट्रात पालघरला, फेब्रुवारी 2013 मध्ये. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची त्यातून जी तपासणी होते, तिच्या यादीत दातांचे आजार आहेत, दुभंगलेले ओठ-टाळूही आहेत. कमी पडतं ते तपासणीनंतरचं काम. स्कॉटलंडने बालवाड्यांत रोज फ्लोराइड पेस्टने, बाईंच्या देखरेखीखाली दात घासण्याची सवय लावली आणि दाताच्या कवचावर वार्निश लावण्याची सोय केली. तिथल्या पहिलीच्या वर्गातली कीड नसलेली मुलं 2003 मध्ये 45 टक्के होती, 2018 मध्ये ती 71 टक्के झाली. याला लागतो एक ब्रश, थोडी पेस्ट, बाईंची दहा मिनिटं, आणि महिन्यातून एकदा येऊन बघणारा कोणीतरी. जवळच्या डेंटल कॉलेजच्या इंटर्नना हे काम नक्की जमेल.

म्हणून विद्यार्थ्यांना एक विनंती. पेडोच्या पुढच्या पोस्टिंगला दुधाची दाढ काढण्याचा निर्णय झाला, तर फोर्सेप्स हातात घेण्याआधी खाली कोणता दात आहे आणि तो केव्हा येणार, हे केस पेपरवर लिहा. जागा राखण्यासाठी काय करणार, तेही त्याच ओळीत लिहा. तो कागद ऑर्थोच्या सीनियरला दाखवा. ऑर्थोच्या पोस्टिंगला दाटीची केस आली, तर कोणत्या वर्षी कोणती दुधाची दाढ गेली हे आईला विचारा आणि तिचं धाकटं मूल सोबत असेल तर त्याचंही तोंड त्याच दिवशी तपासा.